घोडीचे चार खूर आणि माझा डावा पाय

जाहीर निवेदन.

करंजाड्यापासून कर्नाळ्यापर्यंतच्या समस्त ग्रामस्थांस, सोयऱ्याधायऱ्यांस, वरातीसाठी घोडी सांगून बसलेल्या नवरदेवांस आणि तबेल्यातील सर्व चतुष्पादांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या डाव्या पायाचे धाकटे बोट, जे आयुष्यभर कुणाच्या अध्यातमध्यात नव्हते, ते अल्पशा दुर्लक्षाने कैलासवासी झाले आहे. त्याच्या पश्चात चार बोटे, एक टाच, एक नडगी आणि एक बेजबाबदार मालक असा परिवार आहे. कृपया हार आणू नयेत. आणल्यास घोडी खाईल.

हे निवेदन मी हॉस्पिटलच्या खाटेवरून, पहिल्या ऑपरेशननंतर जरा शुद्धीवर आल्याबरोबर, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. चुलत भावांनी हसणारे चेहरे पाठवले. माझी मुलगी प्राची खारघरला बँकेत असते, तिनं फक्त “बाबा, प्लीज” एवढंच लिहिलं. माझी बायको कमल खाटेशेजारच्या स्टुलावरच बसली होती. तिनं वाचलं, माझा फोन घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

मी जिवंत आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक शेवटचं पान आधी वाचतात. पण त्या बोटाच्या मागं राहिलेल्या परिवाराचं काय झालं, ते मात्र क्रमानं सांगणार. ज्यांच्या घरात साखरेचा आजार आहे त्यांनी वाचावं. ज्यांच्या घरात घोडा आहे त्यांनीही.

खूर बघणारा माणूस

माझं वय पन्नाशीपुढचं. धंदा वरातीला घोडी देण्याचा, आणि उरलेल्या वेळात बोलण्याचा. करंजाड्याला आज जिथं सोसायट्यांचे वॉचमन शिट्ट्या मारतात, तिथं आमची भाताची शेतं होती. जमिनी गेल्यावर भावकीतल्या पोरांनी गाड्या घेतल्या, मी घोडे घेतले. सध्या तबेल्यात एकटी बुंदी आहे. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, म्हणून बुंदी.

बुंदीच्या पायांत नाल नाहीत. लोखंड ठोकलं की खुराला जमीन कळत नाही, असं माझं मत. खूर जमिनीवर टेकतो तेव्हा किंचित फाकतो, उचलला की मिटतो, आणि त्या उघडझापेवर पायातलं रक्त फिरतं. म्हणून मी नाल काढून टाकले, थोडं थोडं कानसून खुरांना आकार दिला आणि तिला रोज माती, वाळू, खडी अशा सगळ्या जमिनीवरून चालवलं. नालबंद पोट धरून हसला. आज बुंदी खडीवरून अशी चालते, जणू पायाखाली गालिचा आहे.

त्यासाठी सकाळ-संध्याकाळ चारी पाय उचलायचे, आकड्यानं माती काढायची, खुराच्या मधल्या मऊ गादीवर बोट दाबायचं आणि नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. खूर सडायला लागला की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. यात मी कधी खाडा केला नाही. लग्न असो, मयत असो, आधी बुंदीचे पाय.

आणि तिच्या खाण्यावर माझा पहारा. हल्ली वरातीत घोडीला भिजवलेली चणाडाळ आणि गूळ भरवायची हौस आलीय. नवरदेवाच्या बहिणी ताटं घेऊन येतात. एका सीझनमध्ये अशा लाडानं बुंदीचे पुढचे पाय धरले. खुरांच्या आत अशी आग पेटली की बिचारी सगळा भार मागच्या पायांवर टाकून, पुढचे पाय लांब करून उभी राहायची. पाऊल उचलायचं म्हटलं की अंगावर थरथर. तेव्हापासून मी वरातीत ताटासमोर आडवा होतो आणि भाषण ठोकतो: “बायांनो, गोड तोंडात जातं आणि पायात उतरतं!” लोक टाळ्या वाजवतात, बँडवाला एक पिपाणी वाजवतो. मग मी मांडवात जाऊन जिलेबीच्या पंगतीला बसतो.

मला मधुमेह आहे हे मला माहीत होतं. गोळ्या होत्या. आठवण झाली की घेत होतो.

कपची

खूर कानसताना कपच्या उडतात. वाळल्या की त्या काचेसारख्या कडक होतात. अशीच एक कपची माझ्या गमबुटात पडली. ती तिथं किती काळ होती, कुणास ठाऊक, कारण मला ती कळलीच नाही. पायाची जाण केव्हाची गेली होती. मुंग्या यायच्या, मग मुंग्या यायच्याही थांबल्या, आणि मी समजलो, आपण बरे झालो.

ही गोष्ट मी इथं मोठ्या आवाजात सांगतोय असं समजून वाचा. दुखणं थांबलं याचा अर्थ बरं झालं असा नसतो. माझ्या पायातला वॉचमन मेला होता आणि मी शिट्ट्या बंद झाल्या म्हणून गाढ झोपत होतो.

मोज्यावर डाग कमलला दिसला. धुण्याच्या दगडावरून तिनं हाक मारली, “अवो, ह्यो कसला डाग हाय? पाय दावा बघू.” करंगळीच्या मुळाशी, तळव्याला, चिंचोक्याएवढी जखम होती. आत पिवळट. कमल म्हणाली, डॉक्टरकडं चला. मी म्हणालो, डॉक्टर कशाला, मी कोण आहे?

आणि मग मी ते केलं जे पनवेल तालुक्यात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. मागच्या पावसाळ्यात बुंदीचा खूर सडला होता, तेव्हा मी मोरचूद कुटून, कडुनिंबाच्या तेलात कालवून, बोळ्यानं खुरात भरला होता. खूर आठवड्याभरात कोरडा, लखलखीत. त्या औषधाचा डबा अजून फळीवर होता. तसाच बोळा मी माझ्या जखमेत भरला. ज्याच्या पायात जाण आहे तो मोरचुदानं बोंबलत सुटला असता. मी शीळ घालत होतो.

जखम वरून सुकली. निळसर-काळी खपली धरली. मी ती कमलला नाचून दाखवली. शब्दशः, नाचून. ती म्हणाली, “नाचा. मंग बगू.”

वास

पुढची गोष्ट तबेल्यातली. सकाळची वेळ, अंगात कणकण. मी बुंदीचा पुढचा पाय मांडीवर घेतला आणि नाकाला तो वास लागला. सडका, गोडसर, ओळखीचा. खूर सडलाय. मी माती काढली, गादी दाबली. स्वच्छ. दुसरा पाय घेतला. स्वच्छ. मागचे दोन घेतले. दोन्ही कोरडे, कडक, निरोगी. वास मात्र जात नव्हता. मी परत पहिल्या पायापासून सुरुवात केली. बुंदीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि मग तिनं खाली मान घालून माझ्या डाव्या बुटाला हुंगलं, फुरफुरली आणि दोन पावलं मागं सरली.

मी गमबूट काढला. पायाचं वर्णन करत नाही. जेवणाच्या आसपास कुणी वाचत असेल.

इतकंच सांगतो की तबेल्याच्या उंबऱ्यावर बसून मी थोडा वेळ हसलो. चार पाय रोज हुंगणाऱ्या माणसाचा पाचवा पाय सडत होता, आणि तो त्याचा स्वतःचा होता. हसता हसता दात वाजायला लागले. ती थंडी होती की भीती, हे तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, दोन्ही.

ड्रेसिंग

खारघरच्या हॉस्पिटलात सर्जन एक बाई होत्या. माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या, बोलणं कमी, हात अत्यंत शांत. त्यांनी पाय पाहिला आणि विचारलं, यावर काय लावलंत? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “घोडीचं औषध?” मी म्हणालो, घोडीला गुण आला. त्या म्हणाल्या, “घोडीला मधुमेह नाहीये, काका.”

गँगरीन हा शब्द त्यांनी कमलकडं बघून उच्चारला, माझ्याकडं नाही. कमलला तो शब्द ठाऊक नव्हता, पण तिनं पदर तोंडाशी नेला. आवाजावरून कळतं माणसाला.

करंगळी त्याच संध्याकाळी गेली. मग सुरू झालं ड्रेसिंग. सकाळी चहा, त्यानंतर बोटाला सुई टोचून साखर, आणि मग ट्रॉलीच्या चाकांचा आवाज. त्या आवाजानं अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा. ज्यांना दुखायचं ते रडायचे. मला दुखायचं नाही, त्यामुळं मी बघत राहायचो, आणि बघणं जास्त वाईट होतं. बाई चिमट्यानं मेलेलं मांस उचलायच्या, कात्रीनं कापायच्या, धुवायच्या, परत कापायच्या. मी उसनं अवसान आणून त्यांच्या हाताची तारीफ करायचो. म्हणायचो, बाई, कानस कशी धरायची ते तुम्हाला शिकवायची गरज नाही, आमच्याकडं नोकरीला या. नर्स हसायच्या. बाई नाही.

लहानसहान सुखं होती, तीही सांगतो. वॉर्डबॉय मामा स्पंज करताना पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायचे. कमल घरून नाचणीची भाकरी आणायची, अजून ऊन असायची. आणि प्राची. प्राचीला लहानपणापासून घोड्याची भीती. तबेल्यात पाय टाकायची नाही. तिनं बँकेतून रजा घेतली आणि बुंदीचं करायला लागली. रोज सकाळी माझ्या फोनवर चार फोटो यायचे: चार खुरांचे चार तळवे, माती काढून स्वच्छ केलेले. पहिल्या दिवशी फोटो हललेले होते. नंतर नंतर स्थिर. मी ते मोठे करून करून बघायचो. नव्या नर्सला वाटलं, काकांच्या डोक्यात ताप गेला.

शेजारची खाट

शेजारी इस्माईलभाई होते, पनवेलच्या मोहल्ल्यातले, रिक्षाचे पार्ट विकणारे. त्यांचा पाय गुडघ्याखालून आधीच काढलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव-गाव विचारलं, धंदा ऐकला आणि म्हणाले, “वा, म्हणजे दोघं मिळून आपल्याकडे सात पाय. घोडी धरून.”

इतका हजरजबाबी माणूस मी पाहिला नाही, आणि मी आरसा रोज बघतो. रात्रंदिवस आमची जुगलबंदी. त्यांना नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज यायची. मला म्हणायचे, “जरा खाजवून द्या ना, तुम्हाला टापांची सवय आहे.” मी वाकून हवेत खाजवायचो. ते डोळे मिटून म्हणायचे, “थोडं डावीकडे. हां. शुक्रिया.”

एका सकाळी जाग आली तर त्यांच्या खाटेभोवती पडदा होता. हृदय, असं कुणीतरी म्हणालं. त्यांचा मुलगा चप्पल एकच घेऊन आला होता, तीच हातात धरून उभा राहिला. मग खाट धुतली, नवी चादर घातली, दुपारी त्यावर दुसरा माणूस आला. मी त्या दिवशी एकही विनोद केला नाही. कमलनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

वर सरकणारी रेघ

उरलेल्या बोटांपैकी आणखी दोन गेली. मी निवेदनं टाकणं बंद केलं.

मग एका ड्रेसिंगच्या वेळी बाईंनी हात थांबवला, हातमोजे काढले आणि स्टूल ओढून बसल्या. डॉक्टर बसला की समजावं. त्यांनी विचारलं, “काका, घोडीचा खूर सडला की तुम्ही किती कापता?”

मी म्हणालो, जिवंत लागेपर्यंत. त्याच्या पुढं एक तसूही नाही आणि त्याच्या अलीकडंही थांबायचं नाही. मेलेलं आत ठेवलं तर जिवंत मरतं.

“मीही तेच करतेय,” त्या म्हणाल्या. “फक्त तुमचं जिवंत रोज थोडं वर सरकतंय.”

आता गुडघ्याखालून काढावा लागेल. थांबलो तर विष रक्तात जाईल, मग पायाचा प्रश्नच उरणार नाही. उद्यापर्यंत सांगा, असं म्हणून त्या उठल्या. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला कळलं की आपण खरंच मरू शकतो.

सरदार

मी नाही म्हणालो.

लोकांना वाटलं, भीती. भीती होतीच, पण कारण दुसरं होतं. बुंदीच्या आधी माझ्याकडं सरदार होता. काळा, उंच, शर्यतीचा. गावच्या शर्यतीत एका खड्ड्यात त्याचा पुढचा पाय गेला आणि नळी मोडली. तो तीन पायांवर उभा राहिला, माझ्याकडं बघत. जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, घोडा तीन पायांवर जगत नाही. सगळा भार उरलेल्या पायांवर जातो, मग तेही जातात. झोपवून ठेवावा तर आतडी जातात. पाय गेला की घोडा गेला. त्यांनी सुई दिली तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळा उघडाच राहिला. त्यात मी दिसत होतो.

ज्यानं आयुष्यभर पाय बघूनच जीव पारखला, त्याला दुसरं गणित येत नाही. खूर नाही तर घोडा नाही. पाय नाही तर मी नाही. बुंदीच्या पुढं दोरी धरून कोण चालणार? वरातीत ताटासमोर आडवं कोण होणार? मी ठरवलं: जायचं तर अख्खं जायचं.

धाकटा भाऊ माझ्या बाजूनं झाला. कर्नाळ्याच्या बाजूला एक जण जडीबुटी देतो, त्यानं अमक्याचा पाय वाचवला, तमक्याचा वाचवला, आजच डिस्चार्ज घेऊ, असं तो म्हणत होता. गाडी खाली उभी होती. प्राचीनं त्याला ऐकवलं की काका, ते अमके-तमके आत्ता कुठं आहेत ते दाखवा. तो म्हणाला, पोरी, मोठ्यांत बोलू नको. ती म्हणाली, मग मोठ्यांनी आधी मोठ्यांसारखं वागावं. वीस माणसांच्या वॉर्डात दोघांचे आवाज चढले. समोरच्या खाटेपाशी बसलेल्या आजीनं टीव्ही बंद करायला सांगितला, म्हणजे नीट ऐकू येईल.

कमलला कुणी विचारलंच नव्हतं. आमच्यात घरातला असा निर्णय पुरुष घेतात आणि बाया भाकरी आणतात, ही रीत मीही मोडली नव्हती. ती डबा आवरत होती.

निकाल

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा ताप चढलेला होता. खाटेभोवती सगळे. भावाच्या हातात गाडीची चावी. प्राचीचे डोळे सुजलेले. मेलेल्या आणि जिवंत कातडीमधली काळी रेघ आता पोटरीपाशी आली होती, ती सगळ्यांना दिसत होती आणि सगळे खिडकीकडं बघत होते.

बाईंनी विचारलं, “काय ठरलं?”

आणि मी, अंगात एवढा ताप असताना, उशीला टेकून बसलो आणि भाषण ठोकलं. आयुष्यातलं सगळ्यात सुंदर भाषण असेल ते. सरदारची सगळी गोष्ट सांगितली, तो उघडा डोळासुद्धा. म्हणालो, बाई, तुम्ही तुमचं काम चोख केलंत, तुमच्यावर राग नाही. पण घोडेवाल्याचा एक धर्म असतो. पाय गेलेल्या जनावराला कुणी जगवत नाही, आणि मी स्वतःला जनावरापेक्षा मोठा समजत नाही. मला घरी न्या. बुंदीच्या शेजारी खाट टाका. आवाज योग्य जागी कापरा झाला. भाऊ हुंदका देऊन रडला. समोरच्या आजीनं डोळे पुसले. नर्ससुद्धा ट्रे धरून उभी राहिली.

संमतीचा कागद बाईंच्या हातात तसाच होता. त्या वळायला लागल्या.

कमल उठली. तिच्या हातात भाकरीचा रिकामा डबा होता, तो तिनं खाटेवर आपटला. लग्नापासून आजवर तिनं चार माणसांत माझं बोलणं कधी मोडलं नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती थेट बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“कापा तुमी. घोडा असता तं गोष्ट वेगली व्हती. यांना ओटीवर बसून गप्पाच तं मारायच्या हायेत, त्या काय पायानं मारतात?”